शब्दचर्चा: कूलिंग लाइनीत बसतो तो क्षार, चुना की कीट?

उद्यमबाग_बेळगाव:
नमस्कार. आमच्या फौंड्रीत कूलिंग लाइन धुण्याची कृती मराठीत लिहून भिंतीवर लावायची आहे. कन्नड पाटी तयार आहे. मराठीत मी असं लिहिलं: 'पाइपातला क्षार निघेपर्यंत पातळ आम्ल फिरवावे, नंतर सोड्याच्या पाण्याने धुवावे.' गोकाककडचा एक फिटर आहे, शिकला कन्नड माध्यमात, पण मराठी अस्खलित बोलतो. तो वाचून म्हणाला, "मॅडम, वर क्षार काढा म्हणताय आणि खाली सोडा घाला म्हणताय. सोडा म्हणजेच क्षार की! काढायचा का घालायचा?"
त्याचं बरोबर आहे. कन्नड पुस्तकात आम्ल, प्रत्याम्ल आणि लवण. क्षार म्हणजे अल्कली, आम्ल मारणारा पदार्थ. आपण मराठीत शिकलो ते आम्ल अधिक आम्लारी (तेच प्रत्याम्ल), त्यातून क्षार आणि पाणी. अक्षरं तीच, अर्थ जवळजवळ उलटा, आणि माणसं एकाच पंपाशी उभी राहणार. तर स्केलला, म्हणजे पाइपात आतून बसणाऱ्या थराला, दोघांनाही कळेल असा मराठी शब्द कुठला? यंत्राबरोबर आलेल्या भाषांतरात 'खवले' दिलंय, ते मी घेणार नाही.

निपाणी_शॉपफ्लोअर:
स्केलच लिहा की. "स्केल बसलाय, पाणी तापालीय" असंच बोलतात सगळे, मराठी काय, कन्नड काय. पाटी कामगारांसाठी आहे, परीक्षेसाठी नव्हे.

खानापूरचे_गुरुजी:
स्केल म्हटल्यावर नव्या पोराला मोजपट्टी आठवते, हे विसरू नका. आणि त्या फिटरचं कौतुक करायला हवं. क्षार हा मुळात राखेतून काढलेला पदार्थ. आयुर्वेदातला यवक्षार जवाच्या राखेचा, अपामार्गक्षार आघाड्याच्या राखेचा, दोन्ही अल्कधर्मी. जुना अर्थ कन्नडने आणि हिंदीने राखला. मराठी पाठ्यपुस्तकांनी तो शब्द मिठांना दिला आणि मग अल्कलीसाठी 'अल्क' घडवावा लागला. दुरुस्तीची संधी आलीच आहे तर 'लवणथर' लिहा. शुद्ध आहे आणि कन्नड वाचकालाही कळेल.

निपाणी_शॉपफ्लोअर:
गुरुजी, मराठी माणूस 'विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त आहेत' असं म्हणतो तेव्हा तो चुकतो असं म्हणायचंय का? अख्खा महाराष्ट्र तसं म्हणतो. चार पिढ्यांनी वापरला की तो अर्थ त्या शब्दाचाच. लवणथर आमच्या शॉपमध्ये कोणाच्या तोंडी बसणार नाही.

खानापूरचे_गुरुजी:
तोंडी बसवायला वेळ द्यावा लागतो. दूरदर्शन, महापौर हे शब्दही कुणीतरी घडवलेलेच होते.

मच्छे_मेंटेनन्स:
शब्द ठरवण्याआधी वस्तू बघा. जुन्या लाइनीचा तुकडा कापला की आत दोन गोष्टी दिसतात. एक पांढुरका, दगडासारखा थर. कठीण पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट भिंतीला चिकटतं. म्हणून तो सगळ्यात गरम जागी आधी बसतो. शिवाय पाणी गार करणाऱ्या टॉवरवर नुसतं पाणी उडून जातं, त्यातला माल मागं राहतो, त्यामुळं ब्लोडाउन (दाट झालेलं पाणी थोडं सोडून देणं) चुकवला की थर झपाट्यानं वाढतो. दुसरी गोष्ट तांबूस-काळी, लोखंडी पाइपाची स्वतःची, म्हणजे गंज. आम्लाचा थेंब टाका: पांढरा फसफसतो, तांबडा फसफसत नाही. 'क्षार' म्हणा नाहीतर 'लवणथर', यातलं एकच पाटीवर आलं. दुसऱ्याचं काय?

उद्यमबाग_बेळगाव:
हे महत्त्वाचं आहे. भट्टीच्या कॉइलच्या बंद फेऱ्यात डीएम (खनिजं काढलेलं) पाणी असतं, तिथं हा त्रास नाही. थर बसतो तो टॉवरच्या बाजूला, हीट एक्स्चेंजर (एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) आणि लोखंडी लाइनीत. तिथं दोन्ही असतात.

मच्छे_मेंटेनन्स:
मग दोन्हींची नावं वेगळी हवीतच. गंज आम्लात उतरला की द्रावणात फेरिक लोह येतं आणि ते तांब्याला खातं. एक्स्चेंजरमध्ये तांब्याच्या नळ्या असतील तर इनहिबिटर (आम्लापासून धातू वाचवणारं रसायन) असूनही जपावं लागतं. 'निघेपर्यंत फिरवा' हेही अर्धवट आहे. फेस थांबला म्हणजे थर संपला असं नाही, आम्लही संपलेलं असू शकतं. पीएच बघायचा, आम्ल असेल तर तो आकडा कमी असतो. कमीच राहिला तर थर संपला, चढला तर आम्लाचा जोर गेला.

हिंडलगा_वैनी:
आमच्याकडं गिझरच्या कॉइलला बसतो त्याला 'चुना बसलाय' म्हणतात. शेजारच्या कन्नड बाईसुद्धा 'सुण्णा' म्हणतात, म्हणजे तोच शब्द. मी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात कॉइल बुडवून ठेवते, पापुद्रे आपोआप सुटतात. 'चुना' लिहा. दोन्ही भाषांत कळतं, शाळेत जावं लागत नाही.

खानापूरचे_गुरुजी:
वैनी, शब्द गोड आहे, पण भिजवलेला चुना स्वतःच अल्कधर्मी. फिटर पुन्हा विचारील, चुना घालायचा का? कारखान्यात तो पोत्यानं आणतातही.

हिंडलगा_वैनी:
'बसलेला चुना' लिहा की मग. बसलेला म्हटल्यावर घालायचा कसा होईल?

कडोली_वाचक:
दोन्हींना मिळून मराठीत शब्द आहे: कीट. संस्कृत किट्ट. आयुर्वेदात लोहकिट्ट म्हणजे मंडूर, त्याचंच मंडूरभस्म. दिव्याच्या काजळीलाही आमच्याकडं कीट म्हणतात, अंगावरच्या मळाला किटण. धातूवर जे नको ते चढतं, ते कीट. 'लाइनीतलं कीट काढणे' किती सरळ वाटतं!

मच्छे_मेंटेनन्स:
वरच्या ओळीत कीट चालेल. पण आत दोन ओळी कराच, पांढऱ्याची एक, गंजाची एक.

चिकोडी_रानातून:
गंज म्हणताय, पण आमची आजी 'तांब चढली' म्हणायची. गव्हावर पडतो तो तांबेरा त्याच घरातला. आपल्याकडं गंज चढतो किंवा लागतो. पण शेजारी कन्नडमध्ये 'तुक्कु हिडदैति', म्हणजे गंजानं धरलं. आमच्या सीमेवरच्या मराठीत "नांगराला गंज धरलाय" हे सर्रास येतं. मला ते कन्नडातूनच आलंय असं वाटतं.

कडोली_वाचक:
'धरणे' मराठीतही जुनंच आहे. झाड फळ धरतं, जखम पू धरते. सगळं कन्नडच्या खात्यावर टाकू नका. उलट पितळेच्या भांड्यातला 'कळक' घ्या. कन्नडमध्ये त्याला 'किलुबु'. ते दोन एकाच मुळाचे असावेत असा माझा अंदाज.

खानापूरचे_गुरुजी:
'क' आणि 'ल' जुळले म्हणून मूळ एक होत नाही. माझ्या मते कळक 'कलंक'पासून. डाग, मळ, मग भांड्याचा मळ.

कडोली_वाचक:
कलंकातला अनुस्वार कुठं गेला, ते सांगा.

निपाणी_शॉपफ्लोअर:
मॅडमची पाटी राहिली बाजूला.

उद्यमबाग_बेळगाव:
सध्या असं केलंय. मथळा: 'लाइनीतलं कीट काढणे.' खाली: 'पांढरा थर (स्केल)' आणि 'गंज (तुक्कु)', दोन्हींची कृती वेगळी. क्षार शब्द पूर्ण काढला. सोड्याला सोडाच म्हटलंय. आणि सगळ्यात वर ठळक: आधी पाणी घ्या, त्यात आम्ल सोडा, आम्लात पाणी ओतू नका. गुरुजी, लवणथर घेतला नाही.

खानापूरचे_गुरुजी:
क्षार काढलात, तेवढं पुरे नाही. उद्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल मराठीत लिहाल तेव्हा 'विरघळलेले क्षार' लिहाल ना? फिटर तोच आहे.

उद्यमबाग_बेळगाव:
तो अहवाल रोज येतो, आणि तिथं मला अजून शब्द मिळालेला नाही. 'विरघळलेली लवणं' लिहिलं तर आमचे जुने मराठी ऑपरेटर अडतात.

चिकोडी_रानातून:
पाण्याचंच म्हणत असाल तर 'सवळ' घ्या. अथणी-रायबागकडं कृष्णेकाठची जमीन जास्त पाण्यानं बिघडली, तिला कन्नडमध्ये सवळु-जवळु म्हणतात. आमच्याकडं मराठी बोलतानाही "बोअरचं पाणी सवळ लागलंय" म्हणतात. पलीकडं शिरोळात क्षारपड म्हणतात ती हीच जमीन.

कडोली_वाचक:
त्याला मराठीत मचूळ आहे की.

चिकोडी_रानातून:
मचूळ ही जिभेची चव झाली. सवळ पाण्यानं पाइप भरतो आणि रान मरतं. दोन्ही एक कसे?