अनुभव धागा : जोडून आलेल्या सुट्ट्या आणि रत्नागिरीचा मुक्काम

सुट्ट्या जोडून आल्या की मुंबईकडून कोकणात उतरणारी मंडळी निवळीहून गणपतीपुळ्याकडे वळतात किंवा हातखंब्याहून सरळ मालवणच्या दिशेने निघून जातात, आणि रत्नागिरी शहर त्यांच्या प्रवासात जेवणापुरतेच येते. माझे मत असे आहे की तीन-चार दिवसांचा मुक्काम याच शहरात ठेवून आसपासची ठिकाणे येथूनच पाहिली, तर रोज सामान आवरण्याची दगदग वाचते आणि एका जिल्ह्याच्या गावाचे स्वतःचे जगणेही दिसते. ज्यांनी असा मुक्काम केला आहे, त्यांनी दिवसांची आखणी कशी केली आणि कशाला वेळ पुरला नाही, ते सविस्तर लिहावे. खोल्यांची भाडी लिहू नयेत, कारण ती सुट्टीगणिक बदलतात. रत्नागिरीकरांनी तर अवश्य लिहावे.

डोंबिवलीहून

आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे आमची आखणी तिकिटांपासून सुरू होते. रेल्वेचे आरक्षण सध्या प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी आठ वाजता खुले होते. जाण्याचा दिवस लोक निरनिराळा निवडतात, पण परतीचा दिवस सर्वांचा एकच असतो. म्हणून परतीच्या तिकिटाची तारीख आम्ही दिनदर्शिकेवर वेगळी नोंदवून ठेवतो आणि ते तिकीट हाती आल्यावरच खोली निश्चित करतो.

ठाण्याहून सकाळी मांडवी एक्स्प्रेस धरली. उक्षी आणि भोके यांच्यामधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा संपला की उतरण्याची तयारी करावी. स्थानक कुवारबावला, म्हणजे मूळ शहरापासून बरेच बाहेर आहे. तेथून रिक्षा मिळतात आणि एसटीची शहर बससेवाही आहे.

थिबा राजवाड्यातील संग्रहालय सोमवारी बंद असते. सुट्ट्या शनिवार ते सोमवार असतील तर राजवाडा शेवटच्या दिवसावर ढकलू नये. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत ठेवले. हा राजवाडा त्याच्यासाठी 1910 च्या सुमारास उभा राहिला आणि 1916 मध्ये राजाचे निधनही येथेच झाले. वरच्या मजल्यावर उभे राहिल्यावर, मायदेशापासून इतक्या दूर आयुष्य संपवलेल्या त्या माणसाचा विचार मनातून जात नाही. त्याच दिवशी टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मघर आणि 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर पाहून झाले.

कोल्हापूरहून

ऐंशीच्या घरातल्या आईला पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे होते, आणि आमच्या सहलीचे तेच मुख्य कारण होते. आंबा घाटातून येताना पहाटे निघावे असे सांगेन, कारण सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळ उलटल्यावर घाटात वाहनांची रांग लागते.

वयस्कर माणसे बरोबर असतील तर सकाळी एक ठिकाण, दुपारी सक्तीची विश्रांती आणि संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर बसणे, एवढेच ठरवावे. पावस सुमारे 20 किलोमीटर असल्यामुळे आई दुपारच्या आत खोलीवर परतली, आणि तिचा उत्साह संध्याकाळपर्यंत टिकला. गणपतीपुळे, जयगड आणि पावस एकाच दिवसात बसवण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता; शहराच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, अशा त्या ठिकाणांसाठी तिला दिवसभर गाडीत बसवणे मला मुळीच पटले नाही. मंदिराजवळच्या बाकावर ती तासभर शांत बसली होती, आणि तेवढ्यासाठीच आम्ही आलो होतो.

रत्नागिरी, मांडवी

वर दोघांनी रेल्वे आणि घाट यांविषयी लिहिले आहे, पण समुद्राच्या वेळापत्रकाकडे पाहुण्यांचे सहसा लक्ष जात नाही, याची आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना मनापासून काळजी वाटते. आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, आणि त्या दिवसांत पाण्याला उधाणही अधिक असते. हा हिशेब ढोबळ आहे, तरी पाण्याजवळ केव्हा जावे आणि केव्हा दूर राहावे, हे ठरवायला उपयोगी पडतो. गणपतीपुळे आणि आरे-वारे येथे पाण्याची ओढ फसवी आहे. शांत दिसणाऱ्या पाण्यात गुडघ्याच्या पुढे जाऊ नये आणि स्थानिक माणसाने हटकले तर राग मानू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मासळीसाठी येणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. 15 ऑगस्टच्या सुट्टीत बोटी नुकत्याच बाहेर पडू लागलेल्या असतात आणि समुद्रही खवळलेला असू शकतो, त्यामुळे सुरमई-पापलेटाचा आग्रह धरू नये. कुळथाचे पिठले, घावणे आणि खाडीची मासळी मिळाली तर ती आनंदाने खावी. घरगुती खानावळीत आदल्या रात्रीच किती पाने असतील ते सांगावे, म्हणजे तुमचीही गैरसोय होत नाही आणि त्यांचे अन्नही वाया जात नाही.

गणेशोत्सवात मात्र पर्यटनाला येऊ नये. तेव्हा चाकरमानी घरी येत असतात आणि गाडीतली प्रत्येक जागा त्यांना हवी असते. शिमग्यात अवश्य यावे. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी शहरात निघते, तेव्हा गर्दीत कडेला उभे राहून दर्शन घेणाऱ्या पाहुण्याला कोणी परके मानत नाही.

ठाण्याहून

मुले लहान असतील तर सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय चुकवू नये. तेथील देवमाशाचा सांगाडा पाहून आमची मुले बोलायची थांबली. दुपारच्या उन्हात जाण्यासारखे हे चांगले ठिकाण आहे.

पुण्याहून

आम्ही एक पूर्ण दिवस कातळशिल्पांसाठी राखला होता आणि रिक्षा दिवसभरासाठी ठरवली होती. उक्षीचा हत्ती जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कोरलेला आहे. कोवळे ऊन तिरपे पडत असताना रेषा स्पष्ट दिसतात. डोक्यावर ऊन आले की त्या सपाट होतात आणि सड्यावर सावलीही नसते. म्हणून सात-साडेसातला तेथे पोहोचावे. दक्षिणेकडे, राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब असून त्याच्या आकृतीच्या आत अनेक प्राणी कोरलेले आहेत. त्याच गावात कनकादित्याचे सूर्यमंदिरही आहे. कोकणातील कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली, पण कित्येक शिल्पे आजही उघड्या सड्यावर आहेत. कोरीव भागावर पाय ठेवू नये, छायाचित्रासाठी त्यात खडू किंवा रंग भरू नये.

डोंबिवलीकरांच्या टिपणात एक भर घालतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्या कमी वेगाने धावतात. ऑगस्टच्या सुट्टीचा बेत असेल तर उन्हाळ्यातील वेळा गृहीत धरू नयेत, आणि परतीच्या रात्री ठाण्याला उतरून पुढची शेवटची लोकल गाठायची असेल तर आधीची गाडी निवडावी.