अन्न हे केवळ इंधन आहे का?

धागाकर्ती : ‘अन्न हे शरीराचे इंधन आहे, ते घ्यावे आणि कामाला लागावे, चवीचे कौतुक म्हणजे वेळेचा अपव्यय,’ असे येथील एका लेखात वाचले आणि दोन दिवस ते मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे. २०२१ मध्ये कोविडनंतर साडेचार महिने मला कशाचाच वास येत नव्हता. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्श्यात किंवा पिकलेल्या टोमॅटोत लागणारी भरीव चव) एवढेच सांगते. बाकीची चव घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासावर अवलंबून असते. लिंबू चोखले तर नुसता आंबटपणा झोंबे, लिंबू म्हणून काही जाणवत नसे. पोट भरे, पण जेवल्यासारखे वाटत नसे, आणि वजन सहा किलोंनी उतरले. इंधन तर मला रोज मिळतच होते!

उंबरठा : तुमच्या आजारपणाचे वाईट वाटते, परंतु त्यावरून सिद्धांत मांडू नये. माझे वडील खाण्याचे शौकीन होते. मधुमेह झाल्यावरही त्यांनी जिभेला आवर घातला नाही आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. रसिकतेचे गोडवे ऐकले की मला त्यांच्या पायाचे बँडेज आठवते.

धागाकर्ती : अतिखाणे आणि आस्वाद या एक गोष्टी नव्हेत, मन लावून खाणारा थोडक्यात तृप्त होतो. अन्न नुसते दिसले किंवा त्याचा वास आला तरी जठररस स्रवू लागतो, हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले आणि पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले. म्हणजे जेवणाची ओढ हाच पचनाचा आरंभ आहे.

सांजवात : तुम्ही दोघेही जेवणाऱ्यांच्या बाजूने भांडत आहात; रांधणाऱ्याचे काय? कांदा मंद आचेवर नीट तांबूस व्हायला अर्धा तास सहज जातो, कारण आधी त्यातले पाणी उडावे लागते आणि मगच खमंगपणा येतो. घाईने आच वाढवली की तो कडेने करपतो आणि आत कच्चा राहतो. वीस वर्षे तो अर्धा तास मी उभी राहिले आहे, आणि पानावर बसलेल्यांनी मोबाइलकडे पाहत पाच मिनिटांत ताट रिकामे केले आहे. आस्वादावर लिहिणाऱ्यांनी आधी हातात उलथने घ्यावे.

धागाकर्ती : हा आरोप अन्यायाचा आहे. आमच्या घरी रांधते मीच. त्या महिन्यांत समोरचे भांडे करपले तरी मला कळत नसे. मुलगा धावत येऊन गॅस बंद करी.

सांजवात : मग तुम्हाला उद्देशून लिहिलेले मागे घेते. बाकीच्यांना उद्देशून लिहिलेले घेणार नाही.

उंबरठा : पाव्हलॉव्हचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो, ‘इंधन’ हा शब्द अपुरा आहे. मात्र मन लावून खाणारा थोडक्यात थांबतो, हे मी मान्य करणार नाही. माझे वडील एकेक घास डोळे मिटून खात, आणि तरीही थांबत नसत.