मदत हवी आहे : ऑटोमॅटिक घड्याळ पुढे जाते, केवळ वेग जुळवावा की पूर्ण सर्व्हिसिंग करावे?

माझे ताशी 28,800 ठोक्यांचे ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ पूर्वी दिवसाला चार-पाच सेकंदच पुढे जात असे, म्हणजे स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रासाठी मान्य असलेल्या उणे 4 ते अधिक 6 सेकंदांच्या मर्यादेत होते. आता मात्र ते अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे जाते. सेकंदाला आठ ठोके घेत सरकणारा त्याचा काटा पाहण्यात मला फार आनंद मिळतो, त्यामुळे क्वार्ट्झ घ्या हा सल्ला उपयोगी पडणार नाही.

चुंबकत्वाची शंका आल्याने घड्याळ होकायंत्राजवळ धरून पाहिले. सुई हलली नाही. पूर्ण किल्ली देऊन, तबकडी वर ठेवून मोबाइलवरील टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या) ॲपने मोजले, तेव्हा बॅलन्स व्हीलचे (मागे-पुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचे) आंदोलन 210 अंशांच्या आसपास आले, तर निरोगी यंत्रात ते साधारण 270 ते 310 असते. लिफ्ट अँगल (आंदोलन मोजण्यासाठी ॲपला द्यावा लागणारा, प्रत्येक यंत्राचा ठरावीक कोन) मी ॲपमधील मूळ 52 अंशच ठेवला आहे. माझ्या यंत्राचा नेमका कोन वेगळा असल्यास आकड्यात थोडा फरक पडेल, पण एवढी तूट त्याने भरून निघेल असे वाटत नाही. घड्याळ पडलेले किंवा भिजलेले नाही आणि ते उघडून सर्व्हिसिंग केल्याला सहा-सात वर्षे झाली असावीत. मागचे झाकण मी स्वतः उघडणार नाही, आणि केसला (घड्याळाच्या बाहेरील कवचाला) पॉलिश करून तिच्या मूळ कडा बोथट होऊ द्यायच्या नाहीत.

आंदोलन एवढे कमी असताना कारागिराकडून फक्त वेग जुळवून घेणे योग्य ठरेल का, की वाळलेल्या तेलामुळे भागांची झीज होण्याआधी पूर्ण सर्व्हिसिंगच करून घ्यावे?