मदत हवी आहे : तनसीखाली (धानाच्या पेंढ्याखाली) पडलेलं जुनं बोटीचं इंजिन, सुरू करायच्या आधी काय काय खोलू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्दच्या पाण्याच्या काठावर. मोठेबाबांचं एक आउटबोर्ड इंजिन आहे, डोंग्याच्या मागे लावायचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ८ एचपी. धरण भरायला लागल्यापासून इथे वैनगंगा नदीसारखी राहिलीच नाही, दुपारून वारा सुटला की वल्ह्यानं डोंगा जागचा हालत नाही, म्हणून त्यांनी ते सेकंडहँड घेतलं होतं. मग त्यांचे गुडघे गेले अन् इंजिन गोठ्यात गेलं. सहा-सात वर्षं तनसीच्या ढिगाखाली. आता जाळं मी टाकतो तर म्हटलं यालाच चालू करून पाहू. मोटरसायकलचा कार्बोरेटर घरी खोलतो, बस, तेवढंच शिक्षण.

आतापर्यंत केलं ते असं. झाकण काढलं तर फ्लायव्हीलखाली उंदरानं घर केलेलं, ते साफ केलं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आटून मधासारखा थर बसला होता, मेन जेट उजेडात धरला तर आरपार काहीच दिसेना, क्लीनर मारून अन् ताराच्या एका केसानं मोकळा केला (तार जाड घेऊ नका म्हणतात, भोक मोठं होते). दोन्ही प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी दोरी हळू ओढली तर फिरलं, जाम नाही.

अडलं इथे : प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली तर स्पार्क नाही, दोन्ही नवे प्लग असून नाही. गावातला गाडीवाला मेकॅनिक म्हणे कॉइल गेली, फेकून दे. दुसरं, पंख्याजवळच्या गिअरपेटीचा खालचा स्क्रू ढिला केला तर ऑइल पार दुधाच्या चहासारखं निघालं. अन् पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकू? स्टिकर खरडलेलं आहे, मॉडेल कळत नाही. मोठेबाबा म्हणतात "आमी अंदाजानं टाकत होतो बे." भाऊ मागे लागला आहे की एकदा ओढून तर पाह्य, पण ते ऑइल पाहून माझी हिंमत होऊन नाही राहिली.

प्रतिसाद :
हिंमत झाली नाही ते बरं झालं. दुधी ऑइल म्हणजे गिअरपेटीत पाणी शिरलंय, सील गेलंय. पंखा काढा (आधी कॉटर पिन, मग नट) आणि त्यामागे शाफ्टवर पाहा, जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडेल. मासेमारीच्या इंजिनात हे फार होतं, दोरा फिरून फिरून सील कापतो. सील बदलल्यावर नवीन ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईस्तोवर, वरून ओतलं तर आत हवा राहते.

आणि कोरडं एक मिनिटही चालवू नका. आत पाणी ओढणारा रबरी इम्पेलर आहे, पाणी नसेल तर जळतो. इतकी वर्षं एकाच जागी दबून त्याच्या पाकळ्या वाकड्याच झाल्या असणार, न बघता नवा टाका. काढताना शाफ्टमधली अर्धचंद्राची छोटी चावी उडून जाते, खाली कापड अंथरा.

प्रतिसाद :
आम्ही रायगडकडचे, खाऱ्या पाण्यातले. दादा, कॉइलला पैसे घालू नका अजून. इंजिन बंद करायच्या लाल बटणाखाली क्लिप आहे का बघा, दोरीवाली, जी हाताला बांधतात. ती नसली तर इंजिन बंदच समजा, स्पार्क येणारच नाही.
ऑइल : मॉडेल कळेस्तोवर ५० ला १ धरा, म्हणजे लिटरला २० मिली. जास्त झालं तर प्लग काळा होईल, तो साफ करता येतो, कमी पडलं तर पिस्टन धरतो. बाइकचं टू-टी ऑइल नको, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या. पेट्रोलची नळी आणि तिच्यावरचा दाबायचा रबरी फुगा दोन्ही नवे घ्या, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि ओल ओढतं. मिक्स टाकीत साठवू नका. पहिल्यांदा ड्रममध्ये, पंखा काढून, न्यूट्रलला. मागून पाण्याची धार आली पाहिजे. मुतलं नाही तर लगेच बंद.

धागाकर्ता :
दोघांचेही लय आभार. क्लिप नव्हतीच. मोठेबाबांना विचारलं तर ते मोठीआईकडे पाहू लागले, अन् ती लाल गुंडाळीची दोरी निघाली कोठीच्या चावीला, कंबरेला खोचायला बरी पडते म्हणून. सहा वर्षं. क्लिप लावली, दोरी ओढली, दोन्ही प्लगला निळा स्पार्क. मेकॅनिकला अजून सांगितलं नाही.

पंख्यामागे दोरा होता, मूठभर, वितळून शाफ्टला चिकटलेला, ब्लेडनं कापून काढला. इम्पेलरच्या सहापैकी दोन पाकळ्या हातातच आल्या. तुटके तुकडे वर पाण्याच्या नळीत अडकतात का? खालचा भाग सुटाच आहे तर आताच फुंकून घेऊ म्हणतो. अन् आमच्याकडे पाण्यात इकॉर्निया (जलपर्णी) लय आहे, पाणी ओढायची जाळी त्यानं बुजते, त्यावर कोणी काही लावलं असेल तर सांगा. सील अन् इम्पेलर नागपूरला जुना नमुना दाखवून घेईन, तोवर क्लिपची दोरी भावापासून लपवून ठेवली आहे.