दशावतार मुलांच्या पुस्तकात : कुठल्या खुणा ठेवायच्या?

प्रश्न : सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी दशावताराची चित्रं सावंतवाडीच्या गंजिफ्यासारखी (हाताने रंगवलेले गोल पत्ते) गोल चौकटीत काढायची आहेत. एवढ्याशा जागेत अवतार ओळखू कसा येईल? आणि नृसिंह भीतिदायक न करता कसा दाखवावा?

प्रतिसाद 1 : दशावतारी गंजिफ्यात 10 रंग, प्रत्येकात 12 पानं, एकूण 120. राजा, प्रधान आणि 1 ते 10 खुणांची पानं. वराहाला शंख, नृसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. हीच खूण पानाच्या कोपऱ्यात द्या, मुलं पटकन ओळखतात.

प्रतिसाद 2 : कूर्मात, म्हणजे समुद्रमंथनाच्या चित्रात, हमखास चूक होते. वासुकीच्या तोंडाकडे असुर, शेपटीकडे देव. घाईत उलटं काढलं जातं. समुद्र दाट निळा रंगवला की मंदार पर्वताखालचं कासव गडप होतं आणि अवतारच दिसत नाही. पाणी नुसत्या लाटांच्या रेघांनी दाखवा. त्रिविक्रमाला (वामनाचं विराट रूप) मात्र गोल चौकट नकोच, वर उचललेला पाय तिच्यात मावत नाही. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातला (इ.स. 578) त्रिविक्रम नीट पाहा, तो उंच पाय हाच त्या शिल्पाचा जीव आहे.

प्रतिसाद 3 : नृसिंहासाठी खांब दुभंगतानाचा क्षण घ्या, बाजूला हात जोडलेला प्रल्हाद. रक्त गाळा, पण उंबरठा, संध्याकाळ, मांडी आणि नखं मजकुरात ठेवाच. ती काढली तर हिरण्यकशिपूला मिळालेल्या वराची अट कशी मोडली नाही हे मुलांना कळणारच नाही. नववा अवतार बुद्ध की विठ्ठल, हे आधी ठरवा. महाराष्ट्रात दोन्ही परंपरा आहेत.