देवमासा दिसला का? अलास्का क्रूझचे अनुभव

ओसरी
काल थंडीचे कपडे काढताना आईच्या निळ्या जॅकेटच्या खिशात चुरगळलेला कागदी नॅपकिन निघाला. त्यावर तिच्या अक्षरात, "स. ७.४०, उजवीकडे, ३ फवारे."

२०१६ चा जून. सिअ‍ॅटलहून निघालो होतो. आम्ही सगळे नाश्त्याच्या रांगेत आणि ही एकटी डेकवर. येऊन सांगितलं तर "लाट असेल गं" म्हणून आम्ही उडवून लावलं.

अलास्कातल्या जुनो बंदराला ऑक बेवरून छोट्या बोटीने गेलो तेव्हा कळलं. आधी दिसत नाहीच, ऐकू येतं. कुकरची शिट्टी उचलून वाफ सोडावी तसं फुस्स! मग काळी पाठ, तिला बाक आणि शेपटी वर. त्यानंतर पाच-सात मिनिटं नुसतं पाणी. शंभर यार्डांच्या आत बोट न्यायची नाही असा नियम आहे. पण आमची बोट थांबलेली होती आणि तोच जवळ आला. श्वास अंगावर आला, सडक्या मासळीचा वास! आई मफलर नाकाला लावून म्हणाली, "दात घासले नाहीत मेल्याने."

तुम्हाला काय काय दिसलं? लिहा. धाग्याला शिस्त नको.

निशाचर
हंपबॅक जातीच्या देवमाशाला दातच नसतात, तोंडात झालर असते. काकूंना अर्धेच गुण :))

आम्हाला बबल नेट मिळालं! आधी सीगल एका जागी घिरट्या घालायला लागले, मग पाण्यावर बुडबुड्यांचं कडं, आणि कड्याच्या मधोमध सात-आठ जबडे एकदम वर. खालून बुडबुडे सोडत हेरिंगचा थवा कोंडतात. मी थरथरत फोन धरलेला. रूमवर येऊन बघते तर कॅमेरा उलटा. माझ्या नाकपुडीचा ४० सेकंदांचा व्हिडिओ आहे, मागे लोकांचा आरडाओरडा.

फसलेली चकली
मेले हसून. आम्ही पुढच्या मेमध्ये जातोय. बाल्कनीची रूम घ्यावी का? आणि सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही.

बापू ठाणेकर
सात दिवस, देवमासा शून्य. धुकं आणि पाऊस. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिमीच्या वर पडतो म्हणे, म्हणजे आमचं आंबोलीच की. पैसे तिकडे कशाला घातले असं हिने ऐकवलं.

पण ऑगस्ट होता, ओढ्यात सॅमन इतके की पाणी काळं दिसत होतं. आणि बाल्ड ईगल! आपल्याकडे कावळे बसतात तसे बंदरातल्या खांबांवर भिजत बसलेले. ग्लेशियर बेमध्ये बर्फाच्या लादीवर सील लोळत होते, दुपारी जेवून पडलेल्या मामांसारखे. जहाजावर आलेल्या रेंजरबाईंनी सांगितलं की १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूवरची माणसं आली तेव्हा ही सगळी खाडी बर्फानेच भरलेली होती. हे ऐकून मात्र गप्प झालो.

@चकली, बाल्कनी घ्या. मी घेतली नव्हती.

मिठागर
बंद पाकिटातली भाकरवडी न्या, तारून नेते. ताजी फळं मात्र बंदरावर उतरवू देत नाहीत, माझं सफरचंद गेलं.

ऑर्का म्हणजे किलर व्हेल पाहिला. नराचा पाठीवरचा पर जवळजवळ सहा फुटी, काळं शीड चालत यावं तसा. मुलाला झोपेतून उठवलं तर म्हणतो, "हा तर टीव्हीवर दिसतो."

रत्नांग्रीकर
अलास्का आपल्या खिशाला नाही. पण २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, तेव्हा मी होतो. लोक पाणी मारत होते. समुद्रात परत नेलं, पण वाचलं नाही. डोळा आठवतो अजून.

जेट्टीवरचा
व्हेलची उलटी (अंबरग्रीस) सापडली का? कोटीत जाते.

रत्नांग्रीकर
ती स्पर्म व्हेलची, आणि जवळ सापडली तर जेल. पिल्लू मेलं त्यावर काय हे.

जेट्टीवरचा
चुकलं. सॉरी.

सागरवेडी
ओसरी, शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो आहे का? तिथली काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. हॅपीव्हेल म्हणून साइट आहे, तिथे टाकलास की तोच प्राणी आणखी कुठे दिसला ते जुळवून सांगतात. माझा हवाईतल्या माउईला फेब्रुवारीत काढलेला एक तिथे टाकलाय. उन्हाळाभर अलास्कात पोटभर खायचं आणि थंडीत बाळंतपणाला हवाई, तिथे जवळजवळ उपाशीच. आमच्या आत्याचं उलटं, माहेरी गेली की वजन वाढायचं.

फसलेली चकली
बोट लागते मला. गोळी की आलं?

मिठागर
दोन्ही. आणि पुस्तक वाचू नका.

ओसरी
फोटो सापडला एक, शेपटी आहे पण अर्धी बोटीच्या कठड्यामागे. तरी टाकते.

आणि आत्ता नॅपकिन उलटून बघितला. मागे लिहिलंय, "भाकरवडी संपली."