मदत हवी आहे: छापील हिशोबपट्टीवर मजकूर व रेघ नेमक्या जागी छापण्याबाबत

नमस्कार. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानासाठी मी सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत हिशोबाचा प्रोग्राम लिहिला आहे. सौदा झाला की शेतकऱ्याच्या नावाने पट्टी निघते आणि तिच्यावर रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई व निव्वळ रक्कम येते. रकाने छापखान्यातूनच छापून आलेले असल्यामुळे प्रोग्रामने फक्त नावे आणि आकडे रिकाम्या चौकटींत बसवायचे आहेत. तीन प्रती एकदम लागतात, म्हणून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दोन्ही कडांना भोके असलेला सलग कागद वापरतो. लेझर घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये, त्यावर कार्बन प्रत उमटत नाही.

चौकटींची मापे मोजपट्टीने घेतली असून पेजयुनिट (छपाईच्या मोजमापाचे एकक) मिलिमीटर ठेवले आहे. यादीत जवळचा वाटला म्हणून कागद ए५ आडवा निवडला आहे. प्रीव्ह्यूमध्ये सर्व काही जागच्या जागी दिसते. छापताना मात्र पहिल्याच पट्टीवर मजकूर उजवीकडे व खाली सरकतो, आणि पट्ट्या एकामागून एक काढल्या की तो वर वर चढत जाऊन निव्वळ रक्कम हमालीच्या चौकटीत जाऊन बसते. शेवटच्या नोंदीखालची मोकळी जागा बंद करण्यासाठी, म्हणजे मागाहून कोणी आकडा घालू नये म्हणून, मी तिरकी रेघ मारतो. तीही भलतीकडेच पडते. पैशाचा कागद असल्याने शेतकरी साहजिकच शंका घेतात. नेमके काय बदलावे?

प्रतिसाद:
हे दोन वेगळे दोष आहेत, ते एकाच आकड्याने दुरुस्त होणार नाहीत. प्रत्येक पट्टीवर सारखेच राहणारे सरकणे हार्ड मार्जिनचे आहे: प्रिंटर जिथून छापू शकतो तिथून ग्राफिक्सचा शून्य बिंदू सुरू होतो, कागदाच्या कोपऱ्यापासून नव्हे, आणि प्रीव्ह्यूमध्ये हा फरक दिसत नाही. पेजसेटिंग्जमधील हार्डमार्जिनएक्स व हार्डमार्जिनवाय वजा करून ट्रान्सलेटट्रान्सफॉर्म (शून्य बिंदू सरकवणारी आज्ञा) द्यावे. ही मूल्ये इंचाच्या शंभराव्या भागात मिळतात, त्यामुळे आपल्या मिलिमीटरसाठी त्यांना ०.२५४ ने गुणावे लागेल.

वाढत जाणारे सरकणे कागदाच्या लांबीचे आहे. एका पट्टीच्या कडेची भोके मोजा. ती अर्ध्या इंचावर असतात, म्हणून १२ भरली तर पट्टी ६ इंचांची, म्हणजे १५२.४ मिमी. आडव्या ए५ ची उंची १४८ मिमी असल्याने दर पट्टीला ४.४ मिमी कमी कागद पुढे जातो, आणि दहाव्या पट्टीपर्यंत मजकूर जवळजवळ ४ सेंटिमीटर वर गेलेला असतो. विंडोजच्या प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये पट्टीच्या खऱ्या मापाचा नवा फॉर्म (कागदाच्या मापाची नोंद) तयार करून प्रोग्राममध्ये तोच निवडावा. रुंदी मोजताना भोकांच्या पट्ट्याही धरा.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. भोके १२ च भरली. नव्या फॉर्मवर अख्खा गठ्ठा काढला तरी तिरकी रेघ चौकटीतच राहते. फक्त रकमेचा शेवटचा अंक उजव्या रेघेपासून थोडा आत थांबतो.

प्रतिसाद:
ड्रॉस्ट्रिंग ही मजकूर छापणारी आज्ञा मजकुराच्या दोन्ही बाजूंना स्वतःहून थोडी जागा सोडते. स्ट्रिंगफॉरमॅटमध्ये (मजकुराच्या मांडणीची सेटिंग) जेनेरिकटायपोग्राफिक या जादा जागा न सोडणाऱ्या तयार मांडणीची प्रत घेऊन तिला उजवे संरेखन द्यावे.